चौदा नंबरची चार मिनिटं

डिंपल : आणि हे चौदा नंबरच्या मुलाखतीचं काय झालं, ताई? बाविसाव्या मिनिटापासून सव्विसाव्यापर्यंत नुसतं 'अस्पष्ट, अस्पष्ट' लिहून ठेवलं आहे तुम्ही.

शिल्पा : तिथे आवाजच नीट नाही. पंखा असेल.

डिंपल : पंखा बंद होता. मुलाखत मीच घेतली ना, धुळ्याला, त्यांच्या कॉलेजच्या लायब्ररीमागच्या खोलीत. लाइट गेलेली. घामानं दोघी निथळू राहिलो होतो.

शिल्पा : मग बाहेरून रिक्षा गेली असेल.

डिंपल : चार मिनिटं एकच रिक्षा?

शिल्पा : तू पाणी पाजशील का मला आधी? जळगावच्या या उन्हात दोन जिने चढून आलेय मी.

डिंपल : घ्या. माठातलं आहे. ताई, तुम्ही यायच्या आधी मी हेडफोन लावून ऐकलं. खणखणीत आवाज आहे पोरीचा. फक्त मला कळत नाही ती काय म्हणू राहिली. मी पडले फैजपूरची. आमची लेवा बोली आणि तुमच्या साक्रीकडची अहिराणी, निम्मी कळते, निम्मी डोक्यावरून जाते. म्हणून तर उतरवायचं काम तुम्हाला दिलं. एकोणचाळीस मुलाखती उतरवल्या तुम्ही. कुठे एक खोकला सोडला नाही. 'इथे मुलगी हसते' असंसुद्धा लिहिलं. आणि इथे चार मिनिटं अस्पष्ट?

शिल्पा : मग ती चार मिनिटं गाळ. एवढ्या ढिगातून चार मिनिटांनी तुझी पीएच.डी. अडणार आहे का?

डिंपल : अडणार आहे. तीच चार मिनिटं कामाची आहेत. मधे एक वाक्य तर मलाही कळलं. सगळं अहिराणीत बोलू राहिली आणि एकदम पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी. तिचं ज्याच्याशी जमलंय तो मुलगा तिला असं म्हणतो म्हणे : 'तुझा फोटो आला नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.' बघा ना. पाळत ठेवायची आणि नाव जीवाचं घ्यायचं. आमच्या सरांना इतकं आवडलं ते, म्हणाले चौथ्या प्रकरणाला हेच शीर्षक द्या.

शिल्पा : नको देऊ.

डिंपल : का?

शिल्पा : ते त्याचं वाक्य नाही.

डिंपल : मग कोणाचं आहे?

शिल्पा : माझं.

डिंपल : तुमचं म्हणजे? तुम्ही उतरवताना घातलं? अहो ताई, असं चालत नाही, मुलाखतीत आपल्या मनाचं एक अक्षर—

शिल्पा : उतरवताना नाही घातलं. रोज संध्याकाळी सहाला माझ्या तोंडून निघतं ते. तुझा फोटो आला नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, प्रशील. गेली दोन वर्षं. असंच, याच शब्दांत.

डिंपल : प्रशील म्हणजे तुमचा मुलगा? धुळ्याला असतो तो?

शिल्पा : हो.

डिंपल : बसा आधी. उभ्या का राहिलात? ताई, हे बघा, असं वाक्य काय, कोणाच्याही आईच्या तोंडी असतं. माझी मम्मी केळीच्या बागेतून फोन करते, 'पोचली का, जेवली का'. लाखो आया फोटो मागत असतील. म्हणून तो मुलगा तुमचाच कशावरून?

शिल्पा : लाखो आया बोटं मागतात का?

डिंपल : बोटं?

शिल्पा : प्रशील सतरा वर्षांचा असताना धुळ्याला शिकायला गेला. पहिल्याच महिन्यात मी म्हटलं, खोलीत आहेस ना, फोटो पाठव. पाठवला. उशीवर डोकं, पुढ्यात पुस्तक. फोटो आदल्या दिवशीचा होता. तो होता पांझरा नदीत, पोरांबरोबर डोहात. एका पोराला बेशुद्ध काढलं वर. जगला तो, पण मला ते दुसऱ्याच्या आईकडून कळलं. मग मी युक्ती काढली. मी आकडा सांगणार, तेवढी बोटं वर करून त्याने फोटो काढायचा. आज तीन, उद्या सात. म्हणजे जुना फोटो खपायला नको. मला किती हुशारी वाटली होती माझी! शेजारच्या सुनंदाबाईंनासुद्धा शिकवलं मी ते.

डिंपल : थांबा. 'बोटं दखाड' म्हणते ती. मी ऐकलं ते. मला वाटलं काहीतरी बोटीबद्दल आहे.

शिल्पा : दखाड म्हणजे दाखव. 'तो म्हने, आज तीन बोटं दखाड.' तो म्हणतो, आज तीन बोटं दाखव.

डिंपल : ताई, तुम्हाला नको असेल तर राहू द्या.

शिल्पा : नाही, घे लिहून. पाच दिवस हेच ऐकतेय मी. घरी कोणी नसलं की हेडफोन लावायचा आणि बावीस मिनिटांवर जायचं. दर वेळी वाटायचं, आता ऐकताना काहीतरी वेगळं निघेल. दुसरंच कोणाचं पोर निघेल. लिही. 'मी म्हनं, वर्गमा शे मी, सर समोर शेत.' मी म्हटलं, वर्गात आहे मी, सर समोर आहेत. 'तो म्हने, मनी मम्मी बी मना फोटो मांगस. मी तिले कधी नही म्हनस का? जीव लावस म्हनीसन मांगस.' माझी मम्मीपण माझा फोटो मागते. मी तिला कधी नाही म्हणतो का? जीव लावते म्हणून मागते.

डिंपल : बस झालं, ताई.

शिल्पा : अजून दोन ओळी आहेत. एकदा तिने फोटो नाही पाठवला. तर हा कॉलेजच्या सायकल स्टँडवर गेला आणि 'मना हात पिरगाळा, बांगडी फुटनी.' हे तुला कळलं असेल.

डिंपल : कळलं.

शिल्पा : आणि मग, 'लळिंगना फोटो तुना आबाले धाडसू.' लळिंगच्या किल्ल्यावर गेले होते दोघं, सव्वीस जानेवारीला. तिथला फोटो आहे त्याच्याकडे. तिचं डोकं याच्या खांद्यावर, एवढंच आहे त्यात म्हणते ती. पण तो तिच्या आबांना पाठवीन म्हणतो. आबांचा नंबर आहे त्याच्याकडे.

डिंपल : ते पुढचं मला माहीत आहे, मराठीत सांगितलं तिने. फोटो घरी गेला तर त्याच दिवशी शाळा बंद, असं म्हणाली. कॉलेजला ती शाळाच म्हणते. घरात शिकणारी पहिली आहे.

शिल्पा : आठवतं तुला, गेल्या जूनमध्ये तू प्रश्नावली घेऊन आली होतीस मराठी तपासायला? अकरावा प्रश्न. 'तू कुठे आहेस याचा पुरावा मागितला.' मी काय म्हणाले होते?

डिंपल : काढून टाक म्हणाला होतात.

शिल्पा : ही काय मारहाण आहे का, म्हणाले होते. ही तर काळजी आहे. तू पोराबाळांची झालीस की कळेल, असंही म्हणाले.

डिंपल : म्हणाला होतात.

शिल्पा : आता जाते मी धुळ्याला. आत्ताची एसटी मिळेल.

डिंपल : नाही जायचं. ताई, ऐका. तुम्ही सही केली आहे कागदावर. मुलाखतीतलं बाहेर बोलणार नाही म्हणून.

शिल्पा : माझ्या पोटच्या पोराशी बोलायला मला तुझ्या कागदाची परवानगी पाहिजे?

डिंपल : त्याच्याशी बोला ना, कोण अडवू राहिलं. पण तिच्याबद्दल बोलायला तिची परवानगी पाहिजे. तुम्ही त्याच्या अंगावर धावून जाल. तो म्हणेल, हिला कोणी सांगितलं? आणि तो कोणाकडे जाईल? तुमच्याकडे येणार नाही तो. सायकल स्टँडवर जाईल.

शिल्पा : मग मी करू काय?

डिंपल : आज संध्याकाळी मी तिला फोन करते. तोवर एक शब्द नाही. आणि आज सहा वाजता, ताई—

शिल्पा : काय?

डिंपल : फोटो मागू नका.

* * *

डिंपल : हॅलो, ताई? बोलता येईल?

शिल्पा : बोल. गॅस बंद केलाय.

डिंपल : चौदा नंबरशी बोलणं झालं. मी तुमचं नाव नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की टेप उतरवताना आमच्या एका बाईंना तो मुलगा ओळखू आला. माफी मागितली मी तिची.

शिल्पा : रडली का?

डिंपल : नाही. म्हणाली, मॅडम, मी बोलले हे त्याला कळू देऊ नका. कळलं तर त्याच दिवशी फोटो जाईल. हे तीनदा म्हणाली. पोलिसांत, कॉलेजच्या समितीत, कुठेच यायला तयार नाही. मी आपल्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला, तो घेतला तिने.

शिल्पा : आणि तो फोटो?

डिंपल : तो कसातरी त्याच्या फोनमधून निघाला तर बरं होईल, म्हणाली. पण माझं नाव न येता.

शिल्पा : नाव न येता.

डिंपल : ताई, तुम्ही जाणार असाल तर स्वतःबद्दलच बोला. तुम्ही त्याला काय केलं तेवढं. तिच्याबद्दल तो आपणहून बोलला तरच पुढे जा. जमेल ना?

शिल्पा : जमायला पाहिजे.

* * *

प्रशील : मम्मी? तू धुळ्यात? पप्पांना काही झालं का?

शिल्पा : काही नाही झालं. आत घेतोस की उन्हातच उभी करतोस?

प्रशील : ये ना. पण फोन तरी करायचास. रूमवरची पोरं गावी गेली आहेत, खोली बघ कशी पडलीय. ती चादर बघू नको.

शिल्पा : नाही बघत. जेव आधी. कळण्याची भाकरी आहे, वर ठेचा. दही वेगळं बांधलंय, सांडू नको.

प्रशील : न सांगता आलीस म्हणजे नक्की तपासणीला आलीस. पलंगाखाली बघ, दारूच्या बाटल्या आहेत चार-पाच.

शिल्पा : माफी मागायला आलेय.

प्रशील : कोणाची?

शिल्पा : तुझी. ती बोटांची भानगड. आजपासून बंद. परवापासून मी मागितला नाही फोटो, लक्षात आलं का तुझ्या?

प्रशील : आलं. मला वाटलं तुझा डेटा पॅक संपला.

शिल्पा : हसू नको. मी खरं बोलतेय.

प्रशील : हसू नको तर काय करू? आता तू माफी मागतेच आहेस तर एक सांगतो. मारायचं नाही.

शिल्पा : नाही मारत.

प्रशील : माझ्याकडे स्टॉक आहे. पहिल्या सेमिस्टरलाच काढून ठेवला. एक ते दहा बोटं. खोलीत, वर्गात, मेसमध्ये. दाढी वाढली की नवीन सेट काढायचा. तू म्हणायचीस सात, मी बसलेला असायचो थेटरात. सात नंबरचा मेसवाला फोटो, पाठवून दिला.

शिल्पा : दोन वर्षं?

प्रशील : तू शांत व्हायचीस ना? मग झालं.

शिल्पा : अरे बाबा. आणि मी तुझ्या पप्पांना दाखवायचे, बघा, मेसमध्ये आहे, भाजीत काय आहे दिसतंय.

प्रशील : रोज बटाटाच दिसत असेल. एकाच दिवशीची भाजी आहे ती.

शिल्पा : राग यायचा का माझा?

प्रशील : आधी यायचा. पोरं म्हणायची, 'प्रशील, मम्मीला हजेरी दे.' मेसच्या रांगेत बोटं वर करून उभा राहिलो की मागून सगळे हात वर करायचे. मग स्टॉक केला आणि राग गेला. जेव ना तूपण.

शिल्पा : मी खाऊन निघाले. प्रशील, तुला जे नकोसं व्हायचं ते दुसऱ्या कोणाला नकोसं झालं तर? आणि त्याच्याकडे असा स्टॉक नसला तर?

प्रशील : दुसऱ्या कोणाला म्हणजे?

शिल्पा : कोणालाही. असेल कोणी. नसेल.

प्रशील : आहे.

शिल्पा : बरं.

प्रशील : एक मुलगी आहे. मी सांगणारच होतो तुला, परीक्षा झाली की. तिचं नाव—

शिल्पा : नाव नको सांगू.

प्रशील : का? आडनावावरून ओळखशील म्हणून? तू तसली नाहीस, मम्मी.

शिल्पा : तसलं काही नाही रे. आज नाव नको, एवढंच.

प्रशील : बरं, नको. तिला मागतो मी फोटो. तुझीच बोटांची आयडिया. पण ते वेगळं. ती माझ्यासारखी लबाडी करत नाही, खरेच पाठवते. आणि नाही आला ना तिचा फोटो, तर मला काही सुचत नाही. पुस्तक उघडून बसतो, एक ओळ आत जात नाही. कुठे असेल, कोणाबरोबर असेल. छातीत असं होतं. तुला तर माहीत आहे कसं होतं ते. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

शिल्पा : माहीत आहे मला.

प्रशील : पोरं म्हणतात, तू सायको आहेस. मी म्हणतो, जीव लावला तर असंच होतं. माझ्या मम्मीला बघा.

शिल्पा : माझ्याकडे बघ. मी सांगते ते ऐक. तो जीव नव्हता, बाळा. ती माझी भीती होती. मला एकटीला पेलवत नव्हती, म्हणून तुझ्या गळ्यात बांधली आणि म्हटलं, घे, हे माझं प्रेम. तू लहान होतास. तुला काय कळणार. पण तू आता तेच दुसऱ्या पोरीच्या गळ्यात बांधतो आहेस.

प्रशील : मी कुठे काय बांधलं?

शिल्पा : तिला श्वास घेऊ दे. मागू नको काही. आणि तो फोटो काढून टाक.

प्रशील : कोणता?

शिल्पा : तोच. लळिंगचा.

प्रशील : लळिंगचा?

शिल्पा : म्हणजे, कुठलाही असेल तो—

प्रशील : लळिंगचं तुला कोणी सांगितलं?

शिल्पा : कोणी नाही.

प्रशील : लळिंगला आम्ही दोघंच गेलो होतो. मी एका पोराला सांगितलेलं नाही. मम्मी, कोणी सांगितलं?

शिल्पा : भाकरी गार होतेय.

प्रशील : तिने फोन केला तुला? तुझा नंबर तिच्याकडे कसा? म्हणून नाव नको म्हणालीस? आधीच माहीत आहे तुला! ती माझ्या घरी फोन करते? थांब. आत्ता विचारतो तिला. माझ्या आईला सांगतेस ना, मग तुझ्या आबांनाही कळू दे—

शिल्पा : प्रशील, फोन ठेव.

प्रशील : नाही ठेवत.

शिल्पा : मी बघितला तो फोटो. तुझ्या फोनमध्ये.

प्रशील : खोटं. माझ्या फोनला लॉक आहे.

शिल्पा : जयंतीला घरी आला होतास ना. रात्रभर मिरवणुकीत नाचलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मेल्यासारखा झोपलास. फोन उशाशी होता. मी तुझा अंगठा धरून त्याच्यावर टेकवला.

प्रशील : झोपेत?

शिल्पा : हो.

प्रशील : झोपलेल्या माणसाचा अंगठा?

शिल्पा : हो. उघडला आणि सगळं वाचलं. तुझं तिला लिहिलेलं, आबांना पाठवीन म्हणालास ते, बांगडीचंही. तिला मी ओळखत नाही. ती मला ओळखत नाही. तिने कोणाला काही सांगितलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

प्रशील : किती वेळ वाचत होतीस?

शिल्पा : तू उठेपर्यंत.

प्रशील : उठल्यावर तू मला चहा दिलास. डोक्यावरून हात फिरवलास माझ्या.

शिल्पा : हो.

प्रशील : मी सगळ्यांना सांगायचो. माझी मम्मी फोटो मागते, पण फोनला हात नाही लावत. विचारून घेते. बाकीच्यांच्या घरी चोरून बघतात, आमच्याकडे नाही. मी सांगायचो हे.

शिल्पा : माहीत आहे.

प्रशील : काही माहीत नाही तुला! हे घे. हा लळिंगचा. डिलीट. दिसला? घे ना हातात, बघ नीट. तुला बघायचंच असतं.

शिल्पा : डिलीट केलेले एक महिना दुसऱ्या फोल्डरमध्ये पडून असतात. तिथूनही काढ.

प्रशील : वा! तेही माहीत आहे.

शिल्पा : काढ.

प्रशील : काढला. आणि तिच्या आबांचा नंबर, हा बघ, तोही गेला. झालं समाधान?

शिल्पा : हात नाही पिरगाळायचा कोणाचा. परत कधीच नाही. ऐकतोस ना?

प्रशील : तू अंगठा धरायचा, मी हात नाही पिरगाळायचा.

(तो डब्याची झाकणं लावतो. भाकरी अर्धी तशीच आहे.)

शिल्पा : ती खाऊन तरी घे.

प्रशील : साडेतीनची जळगाव आहे. निघ तू.

शिल्पा : सोडायला येतोस स्टँडपर्यंत?

प्रशील : नाही.

* * *

डिंपल : ताई, मेल मिळाला. चारही मिनिटं उतरवून पाठवलीत तुम्ही. मी दुसऱ्या कोणाकडे देणार होते ते काम.

शिल्पा : दुसऱ्या कोणाला कशाला. एक शब्दही गाळलेला नाही. तपासून घे.

डिंपल : तपासलं. बरोबर आहे सगळं. ताई, मला एक विचारायचं आहे. प्रशीलला तुम्ही जे सांगितलं म्हणालात, ते अंगठ्याचं, खरं होतं का?

शिल्पा : नाही गं. दोन वर्षांत हजार वेळा फोटो मागितला मी. पण त्याच्या फोनला कधी बोट लावलं नाही. तेवढं एकच केलं नव्हतं.

डिंपल : मग त्याला सांगता येईल ना कधीतरी? परीक्षा झाल्यावर, सगळं निवल्यावर?

शिल्पा : काय सांगू? मी बघितलं नव्हतं, असं? मग लळिंगचं कुठून कळलं, हे विचारणार नाही तो?

डिंपल : हो. खरं आहे.

शिल्पा : इतक्या पटकन खरं मानलं त्याने. मला वाटलं होतं, भांडेल, म्हणेल तू असं करूच शकत नाहीस. एकदाच म्हणाला, खोटं. फोनला लॉक आहे म्हणून. मी करणार नाही म्हणून नाही.

डिंपल : फोन करतो का?

शिल्पा : पप्पांना करतो. मी शेजारी असले की ते स्पीकर लावतात. मग तो लगेच 'ठेवतो' म्हणतो. माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय, बहुतेक. एकच टिक येते.

डिंपल : ताई, तुम्ही फार—

शिल्पा : माझं राहू दे. ती बरी आहे का? चौदा नंबर?

डिंपल : ताई, ते—

शिल्पा : परीक्षेला बसली का? तो तिला अजून काही बोलतो का? जातो का तिच्या मागे? फोटो निघाला हे मी डोळ्यांनी बघितलं, पण आणखी कुठे ठेवला असला तर मला काय माहीत. एवढंच सांग, सोडलं का त्याने तिला?

डिंपल : ते मला तुम्हाला नाही सांगता येणार, ताई.

शिल्पा : हो. बरोबर आहे.

डिंपल : वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही त्याच्या आई आहात म्हणून—

शिल्पा : नाही, नाही. तू नकोच सांगू. मी विचारायलाच नको होतं. सवय आहे गं. जाईल हळूहळू.